मांजरापुरती वाट

मांजरानं पुन्हा सुताच्या गोणीवर घाण केली होती.

धनेशनं गोणी ओढून बाजूला घेतली, वरचे सुताचे कोन उचलून पाहिले आणि नाक दाबून निशाला हाक मारली. ती फडकं आणि फिनेल घेऊनच आली. हल्ली तिला वेगळं सांगावं लागत नसे.

खाली धनेशचे कापड विणायचे लूम आणि वर राहायच्या दोन खोल्या. कामतघरच्या वस्तीत असं घर असणं म्हणजे चैनच. खाली ओल यायची म्हणून सूत वरच्या मागच्या खोलीत ठेवलेलं. सूत आलं तसे उंदीर आले, आणि उंदरांसाठी मांजर आलं. मांजर मोठं गुणाचं. मोरीत वाळूचं घमेलं ठेवलं होतं, तिथंच जायचं आणि वर नीट वाळू ओढायचं. माणसाच्या पोरांना एवढी शिस्त नसते, असं धनेश आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचा. आणि आता हे. घमेल्यातली वाळू रोज कोरडी, सपाट आणि घाण सुतावर. डागाचं सूत विणलं की व्यापारी कापडाचे तागेच्या तागे परत करतो, तेव्हा कौतुक कधीच आटलं होतं.

पुसता पुसता निशाच्या डोळ्यांना पाणी आलं. फिनेलनं आलं असेल, असं धनेशला वाटलं.

रडायला तिला कारण होतं. वज्रेश्वरीला माहेरी तिची आई तुळजा अंथरुणाला खिळली होती. बाकी सगळं विसरली होती, लेकीचं नाव तेवढं घेत होती. निशाच्या भावाचे निरोप धनेशच्या मोबाइलवर यायचे आणि धनेश ते जेवताना सांगायचा, सुताचा भाव सांगावा तसे. आधी तो म्हणाला गणपती होऊ देत. मग म्हणाला दिवाळीचा माल निघू दे. आता मांजर आडवं आलं होतं.

"घराची ही दशा टाकून कुठं चाललीस? मांजर ठिकाणावर येऊ दे, मग जा," तो म्हणाला.

एकदा ती न विचारता गेली होती. धनेश दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन गेला, तिला परत घेऊन आला आणि बोळाच्या जिन्याकडे उघडणाऱ्या मागच्या दाराला बाहेरून कडी बसवून टाकली. पुढचा जिना तर कारखान्यातच उतरायचा, धनेशच्या टेबलापाशी. मारझोड नाही की शिवीगाळ नाही. उलट शेजारणी म्हणायच्या, नशीब काढलंस बाई. निशाचा त्या दोन खोल्यांत जीव घुसमटायचा आणि ते सांगायचीही सोय नव्हती. खालच्या खडखडाटात भिंतीपलीकडे काही ऐकू जात नसे.

मग मांजरावर इलाज सुरू झाले. गोण्यांवर लिंबाची सालं पसरली, डांबराच्या गोळ्या ठेवल्या. दूध तोडलं. एकदा धनेशनं काठीही उगारली. सगळं करून झालं तरी घाण सुतावरच. शेवटी निशा म्हणाली, मीच त्याला पिशवीत घालून वज्रेश्वरीला सोडून येते. यावर धनेश मनापासून हसला. मांजराच्या नावावर माहेर करायचा बेत त्याला बरोबर कळला होता. शिवाय मांजर गेलं तर सूत कोण राखणार?

लूमच्या दुरुस्तीला अनंता सुतार आला, तेव्हा धनेशनं त्याला विचारलं. अनंताच्या घरी मांजरांचा गोतावळाच होता. तो म्हणाला, मांजराची जात मातीतली, कोंडून घातलं की ते असाच राग काढतं. मागचं दार उघडं ठेवा, आपोआप सुधारेल.

"दार उघडायचं न्हाय," धनेश म्हणाला. "मांजरापुरतं भोक पाड."

"मग खाली पाडा अनंतादादा, उंबऱ्याशी," निशा म्हणाली. "एवढं जड मांजर हाय, त्याला उड्या व्हायच्या न्हाईत."

"खाली पाडलं तर बोळातले उंदीर आत येतील. काही समजतं का तुला? कमरेएवढं वर पाड रे."

निशानं पूर्व म्हटलं की यानं पश्चिम धरायची, हे अनंतालाही ठाऊक होतं. त्यानं सांगितल्या जागी, मांजर जाईल एवढंच भोक पाडलं आणि कडा कानशीनं घासून दिल्या. चढायला सोपं जावं म्हणून निशानं खाली एक गोणी लावली.

संध्याकाळी भावाचा पुन्हा निरोप आला. तुळजाच्या घशाखाली आता पाणीही उतरत नव्हतं. धनेशनं तो वरणभात कालवताना सांगितला.

"मांजर आता सुधारंल. उद्या जाऊ का?" निशानं विचारलं.

"आठवडाभर बघू तर खरं. घाई कशाला?"

तिनं त्याला आणखी भात वाढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. लूम थांबले, कामगार चहाला पांगले आणि धनेश वर आला. आधी त्यानं गोण्या पाहिल्या. सगळ्या स्वच्छ! त्याची कळी खुलली. अक्कल आपलीच, तरी बायकोला सांगावं म्हणून त्यानं हाक मारली. मग पुन्हा मारली. ओट्यावर त्याचं ताट झाकून ठेवलेलं होतं.

मागचं दार सताड उघडं होतं. भोकापासून वीतभर अंतरावर बाहेरची कडी निघून लोंबत होती. खाली बोळात दुपारचं रिकामं ऊन पडलं होतं.

मांजर गोणीवरून उतरलं, त्या उघड्या दारासमोरून बाहेर न बघता मोरीत गेलं, घमेल्यात बसलं आणि काम उरकून, कधीच न मोडलेल्या सवयीनं, वर वाळू ओढू लागलं.