पेटीची वाट

चौकीत शिरल्या शिरल्या इल्गिझने सलामसुद्धा केला नाही. त्याचे पहिले शब्द होते, "माझी पेटी आली का?"

साइरागुल एजे चहा ओतत होत्या. घाटाच्या पायथ्याला असलेल्या त्या रस्ते-चौकीच्या त्या प्रमुख. सगळे ड्रायव्हर त्यांना एजे म्हणत, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं, आणि थोरल्या बहिणीला घाबरतात तसेच घाबरत. "नाही आली," त्या शांतपणे म्हणाल्या. "तोक्तोसूनच्या गाडीचा पंप बिघडलाय म्हणे. तू बस, चहा घे."

इल्गिझ बसला नाही, दारातूनच रस्त्याकडे बघत राहिला. राजधानी बिश्केकमध्ये प्रोग्राम लिहिण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, हे त्याचे दुश्मनही कबूल करत. पण तीन नोकऱ्या त्याने सोडल्या होत्या. का, तर समाधान नाही. नवी नोकरी धरली की हा आधी पेटी उघडायचा. स्वतः जोडलेला संगणक, दोन पडदे, एकेक कळ काढून तेल घातलेला कीबोर्ड, मनगट टेकायला अक्रोडाच्या लाकडाची पट्टी. मग पडद्यावरची अक्षरं नेमक्या कुठल्या निळ्या रंगात दिसावीत यावर महिना. नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक म्हणतात. याला नाचता फर्मास यायचं हो, पण अंगण सारवता सारवता लोकांची लग्नं उरकून जायची. मग मालक वैतागायचा, आणि हा म्हणायचा, इथं मन रमत नाही.

चौकीचं काम साधं होतं आणि जिवाचं होतं. घाट बंद झाला की त्याच क्षणी सगळ्या ड्रायव्हरांच्या फोनवर निरोप गेला पाहिजे. गेल्या हिवाळ्यात एक मिनीबस कुणालाच न कळता वर चढली आणि बर्फात रुतली. दोघांच्या पायाची बोटं कापावी लागली. पहिला मोठा बर्फ पडायच्या आत काम व्हायला हवं होतं. एजेंनी हे सगळं फोनवर सांगितलं होतं. इल्गिझ मात्र तासभर पेटीबद्दलच बोलला. घाटाबद्दल त्याने एक प्रश्न विचारला नाही. शेवटी एजे म्हणाल्या होत्या, आमचा माल तोक्तोसूनच आणतो, पेटी त्याच्याकडेच दे.

आता तो रोज तोक्तोसूनला फोन लावायचा. पंप झाला तर चुलतभावाचं लग्न निघालं. लग्न झालं तर सासू आजारी. मग पुन्हा पंप. इल्गिझ खिडकीत उभा राहून डोंगराकडे बघायचा आणि म्हणायचा, हत्यारांशिवाय कारागीर काय करणार?

"बर्फ तुझ्या पेटीसाठी थांबायचा नाही, बाळा," एजे एवढंच म्हणाल्या आणि त्यांनी कोपऱ्यातल्या मेजाकडे बोट केलं.

मेजावर चौकीचा जुनाट संगणक होता. कीबोर्डवरची निम्मी अक्षरं पुसलेली. खालची लांब कळ कुणीतरी सांडलेल्या रासबेरीच्या मुरंब्याने चिकटलेली, दोनदा ठोकावी लागायची. बसायला तीन पायांचं स्टूल, तेही लंगडं. इल्गिझ नाक मुरडून बसला. वेळ जात नाही म्हणून दोन ओळी लिहू, म्हणाला. रंग निवडायला रंगच नव्हते. तेल घालावं अशी एक कळ धड नव्हती. करायला दुसरं काही उरलंच नाही, तेव्हा बिचाऱ्याने काम केलं.

बर्फ पडला त्या दुपारी निरोप गेला. वर जाणाऱ्या सगळ्या गाड्या पायथ्यालाच थांबल्या. ड्रायव्हर चौकीत घुसले, चहा ढोसत इल्गिझच्या नावाने खडे फोडू लागले की धंदा बुडवला याने. तेवढ्यात मागून एक म्हातारा लंगडत पुढे आला. गेल्या हिवाळ्यात बोटं गमावलेला. त्याने इल्गिझचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि खिशातून सुक्या दह्याचा खारट गोळा काढून त्याच्या तळव्यावर ठेवला. इल्गिझचे डोळे भरून आले. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, हेच ते समाधान. आणि ते खरंच होतं, त्यात काही खोट नव्हती.

खोट पुढे निघाली. हुशार माणूस, त्या समाधानाचं कारण शोधल्याशिवाय कसा राहील? हिवाळाभर त्याने विचार केला. वसंतात एजेंच्या नणंदेने तिच्या गावच्या दवाखान्यासाठी त्याला बोलावलं. आजारी माणसाला गाडी वेळेवर मिळत नव्हती, त्याची सोय लावायची होती. इल्गिझ आनंदाने तयार झाला, फक्त हात जोडून एजेंना म्हणाला, "तो कीबोर्ड मला द्या, एजे. आणि ते स्टूल. त्यांच्याशिवाय आता माझा हात चालायचा नाही."

एजेंनी दोन्ही दिलं. मग त्याने कान तुटलेला चहाचा कपही मागितला. मुरंब्याची बरणीही मागितली, कारण वाटेत कळ सुटली तर पुन्हा चिकटवायला तोच मुरंबा हवा. बर्फ वितळल्यावर पोचलेल्या जुन्या पेटीतून त्याने फक्त कानावरचे हेडफोन काढून घेतले, बाकीचं सामान पोरकटपणा म्हणून चौकीला दान केलं. रिकाम्या पेटीत नवी हत्यारं गवत घालून नीट रचली. स्टूल मावेना, म्हणून पेटीवर आडवं बांधलं.

तोक्तोसूनने ती पेटी आपल्या गाडीच्या टपावर चढवली. इल्गिझ पुढच्या गाडीत बसला, हेडफोन कानावर चढवले आणि डोळे मिटून घेतले.

तोक्तोसूनने दोरीची गाठ आवळली, एकदा पुढच्या गाडीकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "एजे, या खेपेला पंप किती दिवस बिघडलेला ठेवू?"