निनादसाठी एक चेंडू

"पहिला बॉल तूच टाक," निनादचे वडील म्हणाले आणि त्यांनी टेनिसचा नवा चेंडू हरेश्वरच्या हातात ठेवला.

समोर फलंदाज नव्हताच. यष्ट्यांना टेकवून निनादची बॅट तेवढी उभी केली होती, तिला झेंडूचा हार. मांडवात त्याच्याच नावाचा स्मृतिचषक मांडलेला.

हरेश्वर कुठल्याच गावाचा नव्हता. दर रविवारी जो संघ बोलावेल त्याचा टी-शर्ट चढवायचा, शेवटची ओव्हर टाकायची आणि घर गाठायचं. गेल्या वर्षी याच मैदानावर, फायनलच्या शेवटच्या चेंडूवर, त्याने निनादचा त्रिफळा उडवला. गाव हरलं. निनाद बक्षीस समारंभालाही थांबला नाही. तसाच रागारागात मोटरसायकलवर बसला आणि खाडीच्या वळणावर ट्रकखाली गेला.

तेव्हापासून डोळे मिटले की हरेश्वरला ती उडालेली यष्टी दिसायची. आज त्याने मनाशी पक्कं केलं होतं, चेंडू बॅटीपासून चांगला लांब, वाइड टाकायचा. बॅटीला वारासुद्धा लागू द्यायचा नाही.

तो धावत आला. पण त्या हाताला जन्मभर एकच काम ठाऊक. यॉर्कर थेट बॅटीच्या बुडाशी घुसला. बॅट कोसळली, मधली यष्टी उडाली, झेंडू विखुरले.

समालोचकाने माइक खाली ठेवला.

वडील चालत खेळपट्टीवर आले. त्यांनी यष्टी पुन्हा रोवली, बॅट उभी केली, हार सारखा केला. मग चेंडू उचलून हरेश्वरसमोर धरला.

"नोबॉल होता," ते म्हणाले. "परत टाक."