साहेब टेकडी चढतात

नोकरी गेल्यापासून आई रोज सकाळी टेकडी चढते. नुसतं घरात बसून अर्ज पाठवले की माणूस गंजतो, म्हणते. शाळेआधी मीही असतेच सोबत. आज पायथ्याशी कोण? भर ऑफिसात अपमान करून तिला काढणारे साहेब!

"बाई, तुमच्यावाचून ऑफिसचे बारा वाजलेत. परत या."

"चालता चालता बोलू ना," म्हणत आई सुटलीच.

पहिल्या वळणावर साहेबांनी पगार वाढवला. पुढच्या चढाला स्वतंत्र केबिन. दगडी पायऱ्यांवर तर धापा टाकत चक्क माफी मागितली! मी ओठ घट्ट दाबून मागून चढत होते.

माथ्यावर साहेब मटकन बसले. "मग... सोमवारपासून?"

आईने त्यांना पाणी दिलं. "नोकरी मला कालच लागली, साहेब. उतरताना जपून हं, गुडघे बोलतात."