बारा ते चार

बारा वाजले. येवल्याच्या त्या गल्लीतले माग एकेक करून थांबले, आणि कलाबाई दोन्ही हातांनी डोकं दाबत पुन्हा उंबऱ्याबाहेर धावली.

तिच्या नवऱ्यानं, सावळीरामनं, तिला रस्त्यात गाठलं. त्यानं तिला हळूहळू घराकडे वळवलं.

अठ्ठ्याण्णव सालच्या मार्गशीर्षात चांदवडहून येताना मायलेकी बसलेली जीप उलटली होती; सावळीराम तेव्हा घरी मागावर होता. कलाबाईच्या डोक्याला जबर मार लागला. शेजारी बसलेली त्यांची मुलगी मीना जागीच गेली, असं त्याला सांगितलं गेलं. त्याला आता वर्ष होत आलं होतं, पण कलाबाईचं डोकं ठणकायचं थांबलं नव्हतं. रात्री गोळीनं झोप लागायची. दिवसाचं अवघड होतं. नाशिकचे डॉक्टर म्हणाले, "आवाज टाळा." पैठणी विणणाऱ्यांच्या गल्लीत आवाज कसा टाळायचा?

सावळीरामनं आधी स्वतःचा माग बंद केला. मग घरोघर जाऊन हात जोडले. बारा ते चार कुणी माग चालवायचा नाही, असं ठरलं. समोरची नवसाबाई म्हणाली, "माग थांबवते भाऊ, पण आमच्या सासूबाईंचं तोंड कोण थांबवणार?" पण पहिला माग तिनंच थांबवला.

तरी कलाबाई बाराला पळायचीच. कुणी म्हणालं, उन्हानं डोकं भडकतं. कुणी म्हणालं, बाहेरचं असेल. सावळीराम तिला आत नेऊन दारंखिडक्या लावून घ्यायचा. ती भिंतीला टेकून चारपर्यंत टक्क डोळ्यांनी बसायची.

आजही तो दार लावू लागला. तिनं त्याचा हात धरला.

"नका लावू. नवसाबाईला म्हणावं, माग चालू कर."

"अगं, डोकं फुटेल तुझं!"

"फुटू द्या. ठणका सोसते मी. हे नाय सोसत."

"काय नाय सोसत? इतके दिवस बोलली का नाहीस मग?"

"सगळ्या गल्लीनं माझ्यापायी हात थांबवले. कोणत्या तोंडानं सांगू?"

तो तिच्याजवळ खाली बसला. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"जीप उलटली तेव्हा मीना गेली नव्हती हो. लय वेळ हाका मारीत होती मला. माझा हात पोचत नव्हता. मग असंच सगळं गप झालं."