टाचणीची खूण

"वाचणारा मुलगा आहे," मावशी म्हणाली. "आता तरी नाही म्हणू नकोस."

दोन जिने चढून ती लायब्ररीत आली होती आणि काउंटरला धरून धापा टाकत होती. भाचीने तिला स्टूल दिलं, पाणी दिलं. उत्तर तेवढं दिलं नाही. परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगातून एकेक उचलून ती त्याची पाठ न्याहाळत होती.

मावशी तिला टीपकागद म्हणे. पोरगी वर्तमानपत्र उघडत नसे, फोनवरच्या बातम्या बघत नसे, कुणाला काही विचारतही नसे, तरी गावातलं सगळं तिला आधी ठाऊक. तिचं वाचनही जगावेगळं. कपाटातलं कोरं पुस्तक तिला नको असे. कुणीतरी वाचून परत केलेलं त्याच संध्याकाळी घरी न्यायचं, असा नेम. पुस्तकात काय आहे ते लेखक सांगतो, वाचणाऱ्याच्या पोटात काय आहे ते परत आलेलं पुस्तक सांगतं, असं तिचं म्हणणं. हेडमास्तरांनी महिनाभर ठेवून घेतलेल्या जाडजूड ग्रंथाची पाठ मोडलेलीसुद्धा नव्हती. औषधवाला आणि त्याची बायको, दोघांनी एकाच आठवड्यात घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक मागितलं. दोघांनीही तिला दबक्या आवाजात सांगितलं, घरी कळू देऊ नका.

"कोण मुलगा?" तिने शेवटी विचारलं.

लिफ्ट दुरुस्त करणारा, मावशी म्हणाली. दर शनिवारी सकाळी, भाची कामावर यायच्या आधी, इथे येतो म्हणे. दोन पुस्तकं परत करतो, दोन नवी नेतो.

भाचीचा हात पुस्तकावर थांबला. मावशीच्या नजरेतून ते सुटणं शक्य नव्हतं.

संध्याकाळी घरी मावशीने तिच्याकडून थोडंथोडं काढून घेतलं. त्या मुलाच्या कार्डावरून परत आलेली पुस्तकं पोरगी आणखी कुणाच्या हाती लागू देत नसे. त्यांची पानं कधी दुमडलेली नसत. थांबल्या जागी टाचणीचं बारीक भोक. डाग नाही, ठसा नाही. आणि समासात पेन्सिलीचे शेरे. 'हा नवरा पहिल्याच पानावर ओळखू येतो.' 'बाई, आता तरी दार लाव.' 'शेवट कळला, पण चालू द्या.' शेरे खोडणं हे तिचं काम होतं. ती खोडायची, पण आधी पाठ करून.

आईवडील गेल्यापासून पुस्तकांबद्दल दोन शब्द बोलायला तिला घरात कुणी नव्हतं. मावशीचं वाचन कॅलेंडरच्या मागच्या बाजूपर्यंत.

"असं माणूस रोज समोर बसायला मिळालं तर," भाची म्हणाली आणि पुढचं तिने गिळलं.

मावशीने ते वाक्य आपल्या परीने पुरं केलं आणि रविवारची वेळ ठरवून टाकली. निघताना बजावलं, "पगाराचं मी बघते. तू एवढंच विचार, आई कुठे राहणार. सासू म्हणजे घरातलं दुसरं सरकार. एका घरात दोन सरकारं टिकत नाहीत."

मुलाचं घर तळमजल्यावर होतं. खिडकीशी शिवणयंत्र. त्याची आई लोकांचे कपडे उसवून, बेतून, पुन्हा बसवून द्यायची. पाहुणे आले तरी गळ्यातली टेप गळ्यात आणि खांद्याशी टाचण्या टोचलेल्या. मावशीला ते मुळीच आवडलं नाही.

मुलगा मात्र आवडला. हसरा, सरळ, बोलायला बेताचा. चहाचे कप त्यानेच आणले. हात घासून घासून लाल केले होते, तरी बोटांच्या रेघांतलं ग्रीस निघालं नव्हतं. कपाच्या कानावर एक काळा ठसा उमटला. भाचीने तो पाहिला आणि अंगठ्याने पुसून टाकला.

मावशीने भाचीच्या गुणांची गोष्ट सुरू केली, ती थेट दात आले तिथपासून. बरीच लांबली. तेव्हा शिवणयंत्राकडून शांत आवाज आला, "शेवट कळला, पण चालू द्या."

भाचीला ठसका लागला. मावशीने अपमान गिळून पोरीला थेट दहावी पास करून टाकलं.

मग दोघांना बोलायला मागच्या दारी पायरीवर पाठवलं. मावशी पाणी पिण्याच्या निमित्ताने दाराच्या आत उभी राहिली.

मुलगा बराच वेळ हातातली किल्ली फिरवत होता.

"आधीच सांगून टाकतो," तो म्हणाला. "मी वाचतो असं तुमच्या मावशींना कुणीतरी सांगितलंय. मी नाही वाचत. शाळा सुटली तसं तेही सुटलं. पुस्तकं आईची. तिच्याने तुमचे जिने चढवत नाहीत, म्हणून कार्ड माझ्या नावावर."

दाराआड मावशीने कपाळाला हात लावला.

"माहीत आहे," भाची म्हणाली. "तुमचा हात लागला असता तर पानं अशी राहिली नसती."

त्याने आपल्या बोटांकडे पाहिलं आणि हसला. ओझं उतरल्यासारखा. "फसवलं असं वाटायला नको होतं. आता तुमचं काही असेल तर विचारा."

"आई कुठे राहणार?"

मावशीचा जीव भांड्यात पडला. पोरीला निदान एवढं तरी लक्षात राहिलं.

"त्याची काळजी नको," तो म्हणाला. "कंपनी मला दुसऱ्या शहरात खोली देतेय. तिसरा मजला, आणि गंमत बघा, लिफ्ट नाही. आई इथेच राहील. तिकडे आपण दोघंच."

भाचीने मान वळवून खिडकीतून आत पाहिलं. शिवणयंत्र थांबलं होतं. म्हातारीने कापडाखालचं पुस्तक काढून मांडीवर उघडलं होतं, आणि एका हाताने ती खांद्यावरची टाचणी चाचपत होती.

भाचीने मान परत त्याच्याकडे वळवली.

"तुम्हाला भाऊ आहे का?" तिने विचारलं. "आईंजवळ राहणारा?"