मास्तरांची जोडी

मास्तरांनी फोन खिशात ठेवला आणि ते सभागृहातल्या आपल्या बाकावर येऊन बसले.

"काय म्हणतोय दवाखाना?" शेजारच्या प्रतोदानं विचारलं.

"मुलगी झाली."

"अरे वा! कशी आहे?"

"बाळ चांगलं आहे."

"आणि बाई?"

"शांत आहे आता," मास्तर म्हणाले आणि समोरचे कागद सारखे करू लागले.

प्रतोद म्हणजे पक्षाची माणसं मोजणारा माणूस. कोण आलं, कोण चहाला गेलं, कोण रुसून बसलं, सगळं त्याला तोंडपाठ. आज मात्र त्याचा जीव टांगणीला लागला होता. गर्भातल्या जिवाला कायद्याचं संरक्षण देणारं विधेयक संध्याकाळी मताला येणार होतं, आणि दोन्ही बाजू काट्यावर होत्या.

विधेयकाचा पहिला मसुदा मास्तरांनीच लिहिलेला. आयुष्यभर पहिलीच्या पोरांना बाराखडी शिकवून ते राजकारणात आले, ते या एका कामासाठी. जन्माला न आलेलं पोरही आपल्याच वर्गातलं, असं ते सांगत. त्यांना ते मनापासून वाटे.

आणि तरी आज मास्तर मत देणार नव्हते.

सभागृहाचा एक जुना रिवाज होता. एका बाजूचा सदस्य आजारी पडला, तर समोरच्या बाजूचा एक जण त्याच्यासाठी मतदानातून बाहेर राही. त्याला जोडी म्हणत. म्हणजे आजारपणानं कुणाचं पारडं हलायचं नाही. मास्तरांची जोडी विरोधी बाकांवरच्या एका तरुण बाईशी लागली होती. ती विधेयकाची कडवी विरोधक, आणि लहानपणी मास्तरांच्याच वर्गात शिकलेली. आठव्या महिन्यात रक्तदाब चढला म्हणून तिला दवाखान्यात ठेवलं होतं.

"मास्तर, बाईचा जीव धोक्यात असताना डॉक्टरनं आधी वकिलाला फोन करायचा, असला कायदा मला नको," ती अंथरुणावरून म्हणाली होती. "मी तिथे नसले तरी माझं मत वाया जाऊ देऊ नका. तुम्हीच व्हा माझी जोडी."

"पोरी, मी तर समोरचा."

"म्हणून तर. जोडी समोरचीच लागते, आणि तिथे दुसऱ्या कुणाचा मला भरवसा नाही."

मास्तर हसले होते आणि त्यांनी शब्द दिला होता. तेव्हा बहुमत आरामात होतं, म्हणून प्रतोदानंही मान डोलावली. मग आपल्यातलेच काही फुटले.

चहा आला. मास्तरांनी तो प्यायला. साखर होती की नव्हती, हे त्यांना सांगता आलं नसतं.

प्रतोदानं चिठ्ठी पाठवली असावी. अध्यक्षांनी चालू भाषण थांबवलं. "सभागृहाला कळवायला आनंद वाटतो, की आपल्या माननीय सदस्या आज आई झाल्या."

दोन्ही बाजूंनी बाकं वाजली. सकाळपासून एकमेकांना कसाई म्हणणारी माणसं हसू लागली.

"मास्तर, नात झाली तुम्हाला!" मागून कुणीतरी ओरडलं. "वाजवा की!"

मास्तरांनी बाकावर दोनदा हात मारला.

एक मंत्री उठले. "जीव म्हणजे काय, हे त्या माउलीला आज कळलं असेल!"

"तिच्या वतीनं तुम्ही बोलू नका!" समोरून एक बाई कडाडल्या, आणि पुन्हा गोंधळ सुरू झाला.

मतदान जवळ आलं तसं प्रतोदानं मास्तरांना बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये ओढलं.

"अहो मास्तर, एका मतावर आलंय! हातातोंडाशी आलेला घास जाणार."

"मी शब्द दिलाय."

"नियम मलाही ठाऊक आहे. दोघं सदस्य आहेत तोवर जोडी, एकाची जागा रिकामी झाली की संपली. पण तिनं सोडलं तर सुटते ना? आज तर ती खुशीत असेल. लावा फोन, मागा मोकळीक."

मास्तर खिडकीपाशी गेले. फोन तिच्या नवऱ्यानं उचलला. दोघं थोडंच बोलले. मास्तर परत आले.

"तिनं मला मोकळं केलेलं नाही."

"ती स्वतः बोलली?"

"नाही. तिचा नवरा."

"मग त्याला म्हणावं, उठव तिला! मी बोलतो हवं तर. आणा इकडे फोन."

"राहू दे," मास्तर म्हणाले. त्यांनी वर्गात कधी आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही. "तिला उठवायचं नाही."

प्रतोदानं कपाळावर हात मारला. "इतकी वर्षं घातलीत यात तुम्ही. लोक काय म्हणतील? स्वतःच्याच विधेयकाचा गळा घोटला म्हणतील!"

"म्हणू देत."

घंटा वाजली. सदस्य आत गेले, दारं बंद झाली. मास्तर कॉरिडॉरमधल्या बाकड्यावर बसले, गुडघ्यावर हात ठेवून, शिक्षा झालेल्या पोरासारखे. समोरच्या भिंतीला नवा रंग दिला होता. त्याचा वास येत होता.

दारं उघडली. आधी विरोधकांचा जल्लोष बाहेर आला, मग प्रतोद.

"एका मतानं पडलं," तो म्हणाला. "तुमच्या एका मतानं, मास्तर. त्या पोरीला सांगा, निवांत झोप म्हणावं." तो न थांबता निघून गेला.

मास्तरांनी फोन लावला. नवऱ्यानं लगेच उचलला, जणू हातातच धरून बसला होता.

"झालं," मास्तर म्हणाले. "विधेयक पडलं."



"मतदान होईपर्यंत थांब म्हणालात, मी थांबलो," तो म्हणाला. "आता तिच्या आईला सांगू का मास्तर, की ती सकाळीच गेली?"