विझलेल्या चुलीचं झाकण

भांडं समोर आलं तसा माबियालाचा धुतलेला हात हवेतच राहिला. रोज भांड्यावर केळीचं पान असायचं. आज कोरीव लाकडी झाकण होतं.

पान असलं की गुमान जेवायचं. झाकण असलं की बाईला काहीतरी म्हणायचंय, तेही चारचौघांसमोर. कोरलेल्या चित्रातली म्हण ओळखायची, बाईला बोलवायचं, नवऱ्यानं चूक कबूल करायची, मगच घास. नाहीतर बाई निघाली माहेरी. माबियालाची वहिनी अशीच गेली, ती परत आलीच नाही.

झाकणावर एक माणूस चुलीकडे पाठ करून बसला होता. चूल विझलेली.

"मेलास लेका!" लुएम्बा खुशीत ओरडला. हा शेजारी, दोन्ही वेळा जेवायला इथंच. "सोपी आहे रे म्हण. तू घोरतोस, म्हणून म्हणतेय, तिकडं तोंड करून झोप!"

माबियाला हसला नाही.

"नाहीतर मासे करपले म्हणून बोलला असशील. बघ, चूलच रुसलीय!"

"न्झाऊमामा, हे तुम्हीच कोरलंत ना? सांगा की काहीतरी." माबियालानं जेवायला बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलं.

गावात झाकणं कोरणारा न्झाऊ हा एकटाच. म्हाताऱ्यानं मान वर केली नाही. "सांगितलं तसं कोरलं बाबा. मला कशाला मधे ओढतोस?"

म्हणजे बायकोला, न्सोनाला, कळलं. नदीपलीकडच्या त्या विधवेच्या भावांबरोबर ताडी पिऊन माबियालानं शब्द दिला होता, तिला दुसरी बायको करून आणतो म्हणून. आता न्सोना गेली तर? चौदा वर्षांचा संसार! कुठून बुद्धी झाली आणि ती ताडी प्यायलो, असं त्याला झालं.

"बोलव तिला," लुएम्बा म्हणाला. "आणि घाबरतोस काय असा? माझ्या बायकोची हिंमत आहे का बघ असलं झाकण ठेवायची!"

न्सोना दारात येऊन उभी राहिली. ती तोंड उघडायच्या आतच माबियाला बोलून गेला.

"चुकलो गं! त्या विधवेला शब्द दिला, पण उद्याच जाऊन परत घेतो. तू तेवढी जाऊ नकोस."

लुएम्बानं आ वासला. न्सोना नवऱ्याकडे बघत राहिली. मग तिनं वाकून झाकण उचललं आणि लुएम्बाच्या पुढ्यात ठेवलं.

"भावजी, हे तुमच्या बायकोचं. घरी तीनदा मांडलं म्हणाली, पण तुम्ही जेवायलाच येत नाही. म्हणून इथं ठेवायला सांगून सकाळीच माहेरी गेली."

न्सोना माबियालाकडे वळली.

"तुम्ही घास घेऊ नका. माझं झाकण आणते."